हाल्ब द्राय म्हणजे अडीच: विद्यापीठात परकी भाषा शिकतात म्हणजे काय शिकतात?

नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. जर्मनीहून मशीन बसवायला आलेले गृहस्थ सकाळी म्हणाले, आज ‘हाल्ब द्राय’ला ट्रायल घेऊ. ‘हाल्ब’ म्हणजे अर्धा, ‘द्राय’ म्हणजे तीन. घाईत होते. इंग्रजीच्या सवयीनं हाफ-थ्री असा हिशेब केला आणि शॉपवर सगळ्यांना साडेतीन सांगून मोकळी झाले. पाहुणे अडीचला मशीनपाशी हजर. ऑपरेटर चहाला, सुपरवायझर स्टोअरला आणि मी कॅन्टीनमध्ये. तासभर ते एकटेच चष्मा पुसत उभे होते.

‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच. दोन तास पुरे झाले आणि तिसरा अर्धा झाला, म्हणून ‘अर्धा तिसरा’. घड्याळाचा हा नियम जर्मनच्या क्लासमध्ये पहिल्या महिन्यातच शिकवतात आणि मला त्यात पैकीच्या पैकी मार्क होते. नियम पाठ होता, त्यामागचं कारण ठाऊक नव्हतं. ते कळलं पुढे काही वर्षांनी, एमएला शब्दांच्या इतिहासाच्या तासाला. आणि तेव्हा खरी लाज वाटली, कारण आपला ‘अडीच’ अगदी तसाच घडलाय. संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’चा, म्हणजे ‘अर्ध्या तिसऱ्या’चा तो झिजलेला तुकडा. जर्मनला दीडसाठीही वेगळा शब्द आहे, ‘आन्डरथाल्ब’, म्हणजे ‘दुसरा अर्धा’. रशियनमध्ये दीडला ‘पलतरा’ म्हणतात, तोही ‘दुसऱ्याचा अर्धा’. इंग्रजीला मात्र दीड आणि अडीच एका शब्दात म्हणताच येत नाहीत. मराठी कानानं ऐकलं असतं तर पाहुण्यांचा तास वाचला असता. मी उगाच इंग्रजीला मध्ये घेतलं.

हे सगळं आठवायचं कारण, आमच्या सोसायटीतल्या काकू. त्यांची मुलगी यंदा बारावी झाली. परवा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “अगं, हिला जर्मन लावायचं म्हणतेय. सहा महिन्यांत होईल ना? का सरळ बीएच करू दे जर्मनमधून? दोन्ही एकच ना गं?”

एकच नव्हे. आणि हा फरक फी भरायच्या आधी कळलेला बरा.

काकूंच्या मनात होतं त्याला आपल्याकडे ‘लेव्हल’ म्हणतात. “बी वन क्लिअर झालं”, “बी टूला बसलोय” हे कॉलेज रोडवर कुठल्याही चहाच्या टपरीवर कानावर पडतं. ही मोजपट्टी युरोपची. कौन्सिल ऑफ युरोपनं ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिच्यात ए वन, ए टू, बी वन, बी टू, सी वन, सी टू अशा सहा पायऱ्या आहेत. ए वनला स्वतःची ओळख करून देता येते, भाव विचारता येतो, साधा फॉर्म भरता येतो. बी वनला त्या देशात एकट्यानं निभावता येतं. बी टूला समोरच्याशी मुद्दा धरून वाद घालता येतो. जर्मनीत राहणाऱ्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे कायमचं जायचं तर व्हिसासाठी साधारणपणे ए वन मागतात. तिथे परिचारिका म्हणून मान्यता हवी असेल तर सहसा बी टू. जपानीची पट्टी वेगळी आणि उलटी आहे. एन फाइव्ह सर्वांत सोपी, एन वन सर्वांत अवघड. ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पर्यायांतून उत्तर निवडायचं असतं आणि तिच्यात बोलायची परीक्षाच नसते. त्यामुळे एन थ्री पास झालेला मुलगा जपानी पाहुण्यासमोर गप्प उभा राहतो, यात नवल काही नाही.

या परीक्षा चांगल्या आहेत, गरजेच्याही आहेत. तुम्हाला त्या भाषेत काय करता येतं एवढंच त्या मोजतात. विद्यापीठाचा रस्ता इथूनच निघतो पण दुसरीकडे जातो.

बीएचं पहिलं वर्ष दिसायला क्लाससारखंच असतं. दिल्लीच्या जेएनयूत तर जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, जपानी, चिनी, कोरियन अशा भाषांचं बीए ऑनर्स अक्षरओळखीपासून सुरू होतं. आधी भाषा यायला हवी अशी अटच नसते. फरक पडतो तो शिकवण्याच्या रीतीत. क्लासमध्ये शिक्षक जर्मनमधला ‘यू’ म्हणून दाखवतात आणि आपण नक्कल करतो. कुणाला जमतो, कुणाचा ‘उ’ होतो, कुणाचा ‘यु’. विद्यापीठात ध्वनिशास्त्राच्या तासाला आधी सांगतात की हा आवाज तोंडात कुठे तयार होतो. करून बघा. ‘ई’ म्हणा आणि जीभ तशीच धरून ठेवा. आता जीभ न हलवता फक्त ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. आला तोच. आमच्या वर्गात नांदगावकडचा एक मुलगा दोन वर्षं ‘फ्यून्फ’ म्हणत होता, त्याला हे एका तासात जमलं.

व्याकरणाचंही तसंच. जर्मनमध्ये ‘मुलगी’ हा शब्द, ‘मेड्शन’, नपुंसकलिंगी आहे. इंग्रजी माध्यमातली मुलं हे ऐकून हसतात आणि रट्टा मारतात. पण आपल्याकडे बघा: वासरू, कोकरू, पाखरू, पिल्लू, लेकरू. लहान जिवाला मराठी ‘ते’च म्हणते. पोरगा तो, पोरगी ती, पण ‘पोरगं गुणी आहे’. मालवणीत तर मुलीला ‘चेडू’ म्हणतात, तेही नपुंसकलिंगी. जर्मनमध्ये ‘-शन’ हा प्रत्यय लागला की वस्तू लहान होते आणि लहान झालेलं सगळं ‘ते’ होतं. मेड्शनमधला ‘-शन’ तोच. एकदा हे कळलं की पाठ करायला काही उरत नाही.

मोजणी घ्या. जर्मन माणूस एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतो, इंग्रजीसारखं ‘वीस-एक’ नाही. आपलं एकवीस, बावीस, तेवीस याच क्रमानं चालतं. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात आणि नव्वदला ‘चार वीस दहा’, तेव्हा वर्गात सगळे डोकं धरून बसतात. माझी आजी कोथिंबिरीच्या जुड्या विसांनी मोजायची. “तीन विसा नि पाच झाल्या गं.” तिला फ्रेंच नव्वद पहिल्या फटक्यात कळलं असतं: चार विसा नि दहा.

जपानीत तर मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटावं अशा जागा आहेत. ‘वाताशी वा नाशिक कारा किमाश्ता.’ वाताशी म्हणजे मी, ‘कारा’ म्हणजे ‘हून’, किमाश्ता म्हणजे आले. मी नाशिकहून आले. शब्दांचा क्रम बदलावाच लागत नाही. ‘हून’ नामाच्या मागे लागतो तसाच ‘कारा’ही मागे लागतो, क्रियापद दोन्हीकडे शेवटी. मधला ‘वा’ तेवढा जपानीचा खास, ‘मी म्हणाल तर’ अशा अर्थाचा. आणि त्यांची अक्षरमाला? आ, इ, उ, ए, ओ. मग का, की, कु, के, को. मग स, त, न, ह, म, य, र, व यांच्या ओळी. ही बाराखडी ओळखीची वाटते, कारण ती खरोखर आपल्याच घरची आहे. बौद्ध धर्माबरोबर ‘सिद्धम्’ लिपी आणि संस्कृतचा ध्वनिविचार चीनमार्गे जपानला गेला, आणि तिथल्या भिक्षूंच्या या अभ्यासातून जपानी अक्षरांना हा क्रम मिळाला.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मराठी येते म्हणजे जग जिंकलं असं वाटायचं. जपानची रोजच्या वापरातली चिनी चित्राक्षरं, कांजी, सरकारी यादीप्रमाणे २,१३६ आहेत, आणि तिथे मराठी काडीची उपयोगी नाही. रशियनमध्ये बहुतेक क्रियापदांची जोडी असते, एक चालू कामासाठी, एक पुरं झालेल्या कामासाठी. ‘लिहीत होतो’ आणि ‘लिहून टाकलं’ हा फरक मराठीला कळतो, पण जोड्या पाठच कराव्या लागतात. फ्रेंच लिहितात एक आणि वाचतात दुसरंच. जर्मनमध्ये नामाच्या लिंगाप्रमाणे लागणाऱ्या ‘देअर, दी, दास’नी मला अजून रडवलंय.

वेळ किती लागतो? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षण संस्था आहे. वकिलातीत जाणाऱ्यांना ती भाषा शिकवते आणि अनुभवावरून आठवडे सांगते: जर्मनला सुमारे ३६, रशियनला ४४, जपानी किंवा चिनीला ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले जवळजवळ २,२०० तास. तेही पूर्णवेळ, नोकरीचा भाग म्हणून. हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहेत. मराठी माणसाची जपानी वाक्यरचना लवकर बसेल, कांजीचे तास मात्र कुणाला चुकले नाहीत. काकूंच्या सहा महिन्यांचं उत्तर यात आलं. सहा महिन्यांत लेव्हल सुरू होते, भाषा होत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून वाचन येतं आणि इथे बरीच मुलं गळतात. “आम्हाला कविता नको, कंपनीत लागायचंय” अशी तक्रार मी विद्यार्थी म्हणून केली आणि आता शिक्षक म्हणून ऐकते. पण वाचायला जे येतं त्यात आपलंही बरंच असतं. कालिदासाचं शाकुंतल विल्यम जोन्सनं १७८९ मध्ये इंग्रजीत नेलं. त्यावरून गेओर्ग फॉर्स्टरनं १७९१ मध्ये जर्मनमध्ये आणलं, आणि ते वाचून जर्मन महाकवी ग्योटे इतका भारावला की त्यानं त्यावर चार ओळींची कविता लिहिली. १८१८ मध्ये बॉन विद्यापीठात संस्कृतचं अध्यासन निघालं. आणि भारतातल्या जर्मन भाषेच्या संस्था ज्याच्या नावानं ओळखल्या जातात, तो संस्कृतचा पंडित माक्स म्युलर आयुष्यात एकदाही भारतात आला नाही. हे मला फार गमतीचं वाटतं.

‘संस्कृतीचा अभ्यास’ म्हटलं की मुलांना वाटतं सण, पदार्थ आणि प्रेक्षणीय स्थळं. तो नेमका कसा असतो ते उलट बाजूनं बघितलं की पटकन कळतं. ग्युंटर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक हायडेलबर्ग विद्यापीठातले. जन्म १९३४, मृत्यू १९९२. ते मराठी शिकले आणि नुसतं बोलण्यापुरतं शिकून थांबले नाहीत. धनगरांच्या वाड्यांवर गेले, त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा हे देव मेंढपाळांच्या वाटांशी, चराऊ रानांशी कसे बांधलेले आहेत ते शोधलं. लेव्हलच्या पट्टीवर म्हणाल तर ओवी समजून घ्यायला कुठलीच पायरी पुरत नाही. बानूबाईवरून म्हाळसा का रुसते हे कळायला शब्दकोश उपयोगी पडत नाही. त्यासाठी धनगर आणि वाणी यांच्यातलं अंतर माहीत असावं लागतं. परक्या देशाबद्दल हे असं शिकायचं, हा त्या पदवीचा निम्मा भाग.

परक्यानं इथे येऊन इथलं होणं नाशिकला नवं नाहीच म्हणा. पांडवलेण्यातल्या सतराव्या लेण्यात दात्याचा लेख आहे. उत्तरेकडचा, दातामिती गावचा ‘योणक’, म्हणजे यवन, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. यवन म्हणजे मुळात ग्रीक. नाव मात्र इथलं आणि लेखही प्राकृतात, ब्राह्मी लिपीत. त्याला कुणी कुठली लेव्हल विचारली होती देव जाणे.

संस्कृती रोजच्या दोन शब्दांतही दडलेली असते. आपण घराबाहेर पडताना ‘जाते’ म्हणत नाही. म्हटलं तर आई रागावते, “येते म्हण.” जपानी मूल दारातून निघताना ‘इत्ते किमास’ म्हणतं. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो. जाऊन येतो! घरातलं माणूस उत्तर देतं ‘इत्ते राश्शाय’, जाऊन ये. याचं इंग्रजी करायला गेलात तर ‘बाय’ उरतं. काकूंच्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मोबाईलमधून डोकं वर काढून बघायला लागली, आणि माझा अंदाज आहे की जर्मन मागे पडणार.

तशीच ती चिमुकली अव्ययं. ‘ये’, ‘ये ना’, ‘येच’, ‘ये की जरा’. अर्थ एकच, पण चारही वेळा बोलणाऱ्याचा चेहरा वेगळा. जर्मन माणूसही ‘कॉम’ म्हणतो, ‘कॉम माल’ म्हणतो, ‘कॉम दॉख’ म्हणतो. क्लासमध्ये आम्हाला ‘दॉख’चा अर्थ ‘बट’ सांगितला होता. त्या अर्थानं जोर लावून बोलत राहिले आणि दोन वर्षं मी लोकांना भांडखोर वाटत होते.

आता व्यवहाराचं. नाशिकची बहुतेक कला महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली. विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग पुण्यात, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे सर्टिफिकेट, डिप्लोमा, ॲडव्हान्स्ड डिप्लोमा अशा चढत्या पायऱ्या आहेत, आणि दुसरी पदवी करता करता त्या चढता येतात. इंजिनिअरिंग किंवा कॉमर्सच्या मुलांना हीच वाट सोयीची. जर्मन, फ्रेंचचं एमएही तिथे होतं. मी दोन वर्षं पुण्यात खोली घेऊन राहिले. शनिवारी एसटीनं नाशिकच्या द्वारका चौकात उतरायचे आणि सोमवारी पहाटे परत. मुंबई विद्यापीठात कलिनाला जर्मन, फ्रेंच, रशियनचे विभाग आहेत. पूर्ण पदवी परक्या भाषेतच हवी असेल तर जेएनयू आणि हैदराबादची इफ्लू, म्हणजे इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी, ही दोन नावं आधी डोळ्यांसमोर ठेवा. जेएनयूला सीयूईटी, म्हणजे विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते, तेव्हा बारावीच्या वर्षीच फॉर्मवर लक्ष हवं. निकाल लागल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या भाषेवर पोट भरणारे थोडे: शिक्षक, भाषांतरकार, दुभाषे. बाकीच्यांचं भाषा अधिक काहीतरी असं चालतं. नाशिकला तसं वाव आहे. सातपूरला बॉश आहे. ओझरच्या एचएएलचं, म्हणजे विमान कारखान्याचं, रशियाशी नातं मिग-२१ पासूनचं, आता सुखोई-३० चं. आपली द्राक्षं नेदरलँड्सला जातात, पण खरं सांगायचं तर डच व्यापारी झकास इंग्रजी बोलतो, त्यासाठी डच शिकायला जाऊ नका. फ्रेंच येत असेल आणि वाइनची समज असेल तर दिंडोरीकडे विचारपूस करायला हरकत नाही.

काकूंच्या यजमानांचा शेवटचा प्रश्न राहिलाय. “आता हे सगळं मोबाईलच करतो ना?” करतो की. बोर्डाची पाटी, हॉटेलचा मेनू, मशीनचं मॅन्युअल माझ्यापेक्षा लवकर करतो. पण त्याच सातपूरच्या कारखान्यातली पुढची एक मीटिंग सांगते. जर्मन पाहुण्यांनी विचारलं, फिक्श्चर (मशीनवर काम पकडून ठेवणारं साधन) कधी मिळेल? आमचे खरेदीचे साहेब म्हणाले, “होऊन जाईल.” मी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. पाहुण्यांनी वहीत लिहिलं: काम होणार, नक्की. आणि तारखेसाठी पेन वर करून माझ्याकडे बघत राहिले. टेबलाभोवतीच्या सगळ्या मराठी माणसांना माहीत होतं की फिक्श्चरची ऑर्डरसुद्धा गेलेली नाही. ‘होऊन जाईल’मध्ये कोण करणार, कधी करणार, काहीच नसतं; विषय बंद करायचा एक सभ्य मार्ग असतो तो. जर्मनमध्ये त्याला शब्द मिळेल, पण त्या मीटिंगमध्ये त्याचा अर्थ दिलेला शब्द असाच होणार.

त्या दिवसापासून मी भाषांतर करायच्या आधी साहेबांकडे वळून विचारायला लागले, “साहेब, कोणत्या तारखेला?” पहिले दोन महिने ते चिडायचे. नंतर नंतर आधी तारीख सांगायला लागले आणि मग, सवयीनं, म्हणायचे, “होऊन जाईल.”